दया, क्षमा आणि आपण : ईस्टरच्या निमित्ताने



धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांतून वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. शेजारी एखादे कॅथॉलिक कुटुंब राहते. घरचा कर्ता शाळेत शिक्षक आहे, किंवा घरची मुलगी दवाखान्यात परिचारिका आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात एका रविवारी त्यांच्या घरी सण असतो. ते आपल्या घरी गोडधोड पाठवितात, मुलांना बोलावितात. मुले परत येऊन विचारतात, "बाबा, येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला म्हणतात. मेलेला माणूस उठतो का? आणि देव सगळ्यांना माफ करतो म्हणतात, ते खरे का?"

अशा वेळी आपल्याकडे दोन तयार उत्तरे असतात. पहिले उत्तर जुन्या सवयीचे : "असेल बाबा, सगळे देव सारखेच, हात जोडावे." हे उत्तर देणाऱ्याने दीक्षा घेतली, पण प्रतिज्ञा समजून घेतल्या नाहीत. दुसरे उत्तर नव्या जोशाचे : "सगळी थोतांडे आहेत, हसून सोडून दे." हे उत्तर देणाऱ्याने नकार पाठ केला, पण विचार केला नाही. ज्या धम्मात 'ये आणि पाहा' असे सांगितले आहे, त्या धम्माच्या उपासकाने शेजाऱ्याचा धर्मही नीट पाहूनच मत द्यावयास हवे. म्हणून आपण आधी पाहू आणि मग बोलू.

हा सण कोणता?

ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. ख्रिस्ती लोकांत नाताळचा गाजावाजा अधिक असला तरी त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे सर्वांत मोठा सण हाच. त्याआधी सुमारे चाळीस दिवस उपवासकाळ असतो. शुक्रवारी येशूला क्रुसावर खिळले त्याचे स्मरण होते, आणि रविवारी तो उठला म्हणून आनंद होतो. या सणाची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, अशी ही गणना आहे. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांत कधीही येतो. आपली वैशाख पौर्णिमा चंद्रावर ठरते, तसा त्यांचा हा रविवारही चंद्रावरच ठरतो. २०१७ साली तर १४ एप्रिललाच त्यांचा शुक्रवार आला होता. त्या दिवशी आपण बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत होतो आणि ते क्रुसापुढे शोक करीत होते.

हा धर्म मराठी भाषेला परका नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने येशूचे सारे चरित्र मराठी ओव्यांत रचले आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. वसईच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे कॅथॉलिक शेतकरी आहेत. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात त्यांची संख्या अगदी थोडी. येथील कॅथॉलिक कुटुंबे अमरावती धर्मप्रांतात मोडतात. हा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर वर्षभराने त्याच नागपुरात आपली धम्मदीक्षा झाली.

शनिवारी रात्री चर्चबाहेर अग्नी पेटवितात. त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून सर्वांच्या हातांतल्या मेणबत्त्या लागतात. मग धर्मगुरू लोकांना प्रश्न विचारतो : तुम्ही सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करता काय? आणि लोक होकार देतात. लहानपणी ज्यांचा स्नानसंस्कार झाला तेही दरवर्षी उभे राहून हे वचन पुन्हा देतात. प्रौढपणी जे त्या धर्मात येतात, त्यांचा स्नानसंस्कारही प्रामुख्याने याच रात्री करण्याची रीत आहे. वाचकहो, आपल्यापैकी किती जण वर्षातून एकदा तरी बावीस प्रतिज्ञा उभे राहून, अर्थ समजून, पुन्हा म्हणतात? शेजाऱ्याच्या घरी पाहून आपल्या घराची आठवण झाली तर त्यात कमीपणा नाही.

दयेचा रविवार

ईस्टरनंतरच्या रविवाराला कॅथॉलिक लोक 'दैवी दयेचा रविवार' म्हणतात. त्यामागे पोलंडातील एका जोगिणीची कथा आहे. फाउस्टिना कोवाल्स्का तिचे नाव. १९०५ साली गरीब घरात जन्म. शाळा तीन वर्षेही धड झाली नाही. मठात ती स्वयंपाक करी, बाग राखी, दाराशी बसून आल्यागेल्याला भाकरी देई. आपल्याला येशूचे दर्शन झाले आणि दयेचा संदेश मिळाला, असे तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. १९३८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी ती वारली. तिच्या लिखाणावर आधारलेल्या या भक्तीच्या प्रसाराला १९५९ साली खुद्द व्हॅटिकननेच मनाई केली होती. ती मनाई १९७८ मध्ये उठली, आणि ३० एप्रिल २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला संत म्हणून घोषित करून हा रविवार सर्व कॅथॉलिकांसाठी ठरवून दिला.

त्या दिवशी चर्चमध्ये दरवर्षी एकच कथा वाचतात. येशूचा थॉमस नावाचा शिष्य म्हणतो की, जोपर्यंत मी त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पाहत नाही, त्याच्या कुशीतल्या जखमेत हात घालीत नाही, तोपर्यंत मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू येतो आणि म्हणतो, हात लावून पाहा. ही कथा दोन कारणांसाठी लक्षात ठेवावी. एक, शंका घेणाऱ्याला तेथे हाकलून दिलेले नाही. दोन, उठलेल्या देहावरही जखमा तशाच आहेत. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण पुन्हा येऊ.

पाप्याला हताश होऊ देऊ नये, कितीही पडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, असे या दयेचे सार आहे. दारूने घर बुडविलेला बाप, आईला घराबाहेर काढणारा मुलगा, हे लोक त्या दिवशी धर्मगुरूपुढे जाऊन आपले पाप बोलून दाखवितात आणि हलके होऊन येतात. 'पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा' अशी त्याची थट्टा आपण ऐकतो. पण ती थट्टा खरी नाही. त्यांच्याच शिकवणुकीप्रमाणे पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाईही हवी. चोरलेले परत न देता चोरीची क्षमा पुरी होत नाही.

आपल्याला 'दया' शब्द का टोचतो?

तरीही, बंधूंनो, 'दया' हा शब्द आपल्या कानाला गोड लागत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ही दया फार पाहिली. माय-बाप म्हणत वाड्याच्या दाराशी उभे राहावे, वरून शिळी भाकर पदरात पडावी, आणि देणाऱ्याने स्वतःला दयाळू म्हणवून घ्यावे. ओंजळीत वरून पाणी ओतणारी ती दया होती. ती भूक थोडी भागवी, पण घेणाऱ्याची मान कायमची खाली घाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कोणाची दया मागितली नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी घेतले. ज्याचा हक्क आहे त्याला दया देऊ करणे हाच अपमान आहे, हे आपण त्या दिवशी शिकलो.

मग चर्चमधली दया हीच वाड्यावरची दया काय? येथे न्यायाने बोलले पाहिजे. वाड्यावर देणारा माणूस आणि मागणाराही माणूस, पण एक उंच व एक नीच. चर्चमध्ये देणारा देव मानलेला आहे आणि मागणारे सर्व माणसे, त्यात धर्मगुरूही आला. मार्च २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस रोमच्या मोठ्या चर्चमध्ये सर्वांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून स्वतःच्या पापांची कबुली देण्यास बसले होते. कॅथॉलिकांचा सर्वोच्च गुरूही दया मागणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, ही त्या कल्पनेतील समतेची बाजू आहे आणि ती मान्य करावयास हवी.

पण एवढ्याने प्रश्न संपत नाही. खरा प्रश्न पुढेच आहे.

क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा?

समजा, एका माणसाने वस्तीचे पाणी तोडले. त्यापायी एका घरचे लेकरू गेले. पुढे तो माणूस पस्तावला, देवापुढे रडला, आणि देवाने त्याला क्षमा केली असे त्याला वाटले. त्याच्या मनाला शांती मिळाली. पण त्या लेकराच्या आईचे काय? तिला कोणी विचारले काय? जिने सोसले तिला वगळून, तिच्या डोक्यावरून, देव आणि अपराधी यांच्यात परस्पर झालेला हा हिशेब पुरा म्हणावा काय?

ख्रिस्ती शास्त्रातही याचे उत्तर आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट येते. येशू त्याच्या घरी येतो तेव्हा हा श्रीमंत माणूस सांगतो की, मी माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसविले त्याला चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो की, या घराला आज तारण मिळाले. क्रुसावरून येशूने मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली हे खरे. पण मार खाणारा तो स्वतः होता, म्हणून त्या क्षमेला अर्थ आहे. दुसऱ्याला पडलेला मार तिसऱ्याने माफ करावयाचा नसतो.

ज्यांनी दयेचा रविवार ठरविला त्या पोप दुसरे जॉन पॉल यांच्याच आयुष्यातली घटना पाहा. १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली अगजा याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पोपने त्याला क्षमा केली. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते तुरुंगात जाऊन त्याच्याजवळ बसले, बोलले. पण क्षमा झाली म्हणून तुरुंगाचे दार उघडले नाही. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची शिक्षा माफ केली ती जून २००० मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी. क्षमा मनाने दिली आणि न्याय आपल्या वाटेने चालला. या दोहोंत विरोध नाही.

आता आपला अंगुलिमाल आठवा. बोटांची माळ घालणाऱ्या त्या खुन्याला तथागतांनी हाकलले नाही, भिक्खुसंघात घेतले. राजा प्रसेनजितानेही, तो शीलाने राहत असल्याचे पाहून, त्याला नमस्कार केला. एवढेच आपण सांगतो आणि थांबतो. पण मज्झिम निकायातील सुत्त तेथे थांबत नाही. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो. लोक त्याला ढेकळे मारतात, खापऱ्या मारतात. डोके फुटते, भिक्षापात्र फुटते, चीवर फाटते. रक्ताने माखून तो भगवंतांकडे येतो. भगवंत त्याच्या जखमा चमत्काराने बऱ्या करीत नाहीत. लोकांना दोषही देत नाहीत. ते त्याला सांगतात : सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. ज्यांची माणसे त्याने मारली त्यांच्या दुःखालाही तथागतांनी जागा ठेवली, ती अशी.

म्हणजे येशूच्या उठलेल्या देहावर व्रण आहेत आणि अंगुलिमालाच्या डोक्यावरही व्रण आहेत. दोन्ही कथांत नवे जीवन मिळते, पण जुनी जखम झाली नव्हती असे कोणी म्हणत नाही. जी दया जखम झाकण्यास सांगते ती खोटी समजावी.

बाबासाहेबांची शंका

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा खोल अभ्यास केला होता. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन ओढून घेतल्याचे सांगितले आणि त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमधल्या जातिभेदावर बोटही ठेवले. पुढे त्यांनी लिहिले की, माणसाचे पतन त्याच्या पापाने झाले असे शिकविले की, धर्मांतरित दलिताला आपल्या पतनाचे कारण समाजाच्या अन्यायात शोधण्याची गरजच वाटत नाही. तो देवाची क्षमा मागतो, पण ज्याने अन्याय केला त्याला जाब विचारीत नाही. ही शंका आजही विचारात घेण्यासारखी आहे.

तमिळनाडूत तिरुचिरापल्ली येथे एका ख्रिस्ती स्मशानभूमीत जातीची भिंत उभी केली गेली. ज्या धर्मात मेलेले सर्व एकत्र उठणार, त्या धर्मात मेलेल्यांना वेगळे पुरले गेले! मात्र हेही सांगितले पाहिजे की, भारतातील कॅथॉलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचे धोरण प्रसिद्ध करून चर्चमध्ये जातिभेद आहे व तो पाप आहे असे उघड मान्य केले. सरकारच्या दारी अन्याय आणखी वेगळा. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले आणि २०२२ मध्ये त्यासाठी आयोग नेमावा लागला. आपण स्वतः चौतीस वर्षे ज्या दाराबाहेर होतो, त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि आपल्या घराचे काय? दीक्षा घेऊनही सोयरीक करताना जुनी पोटजात विचारणारे आपल्यात नाहीत काय? त्यांच्या भिंतीवर बोट ठेवताना आपल्या अंगणातली भिंतही पाहावी.

मेलेला उठतो काय?

आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. किसा गोतमी मेलेले मूल कडेवर घेऊन आली तेव्हा तथागतांनी ते उठविले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरून मोहरी आण, असे सांगितले. ती दारोदार फिरली आणि आपले दुःख सर्वांचे आहे हे तिला कळले. आपल्या धम्मात हेच उत्तर आहे : मेलेला उठत नाही. कॅथॉलिक शेजाऱ्याचे उत्तर वेगळे आहे. त्याला पुनरुत्थान ही उपमा वाटत नाही, घडलेली गोष्ट वाटते. ती खोटी ठरली तर श्रद्धाच व्यर्थ, असे त्यांच्या पौलाने लिहून ठेवले आहे. म्हणून "आपले दोघांचे एकच आहे हो" असे गुळमुळीत बोलू नये. तेथे फरक आहे, आणि तो प्रेमाने पण स्पष्ट सांगावा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखविले की, तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. मार्ग दाखविणाऱ्याकडे आपण क्षमा मागत नाही. आपण चालू लागतो.

पण एक उठणे आपणही पाहिले आहे. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, ज्यांना गावकुसाबाहेर जिवंतपणी पुरून ठेवले होते, ती माणसे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखांनी उठून उभी राहिली. आपल्या प्रतिज्ञांमध्येच नव्या जन्माचा उल्लेख आहे. कोणा देवाने हात धरून उठविले नाही. आपल्यातल्याच एका माणसाने ज्ञानाच्या बळावर आपल्याला उठण्यास शिकविले. आणि आपल्याही अंगावर व्रण आहेत. ते विसरा असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. ते दाखवीत सूड मागत फिरा असे कोणी म्हणाले तर तेही ऐकू नका. अपराधी खरोखर पस्तावून, घेतलेले परत करून दाराशी आला, तर त्याला बसावयास पाट द्यावा की नाही हे ज्याने सोसले त्याने, कोणाच्या दडपणाविना, स्वतःच्या मनाने ठरवावे. मात्र त्याला आयुष्यभर केवळ अपराधीच समजणे अंगुलिमालाच्या गुरूच्या शिष्यांना शोभणार नाही.

मग शेजाऱ्याकडे जावे काय?

अवश्य जावे. मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांत मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानणे. त्यांच्या घरी जेवावे, मुलांना त्यांच्या मुलांत खेळू द्यावे. चर्चमध्ये बोलावले तर शांत बसावे. परमप्रसाद मात्र घेऊ नये, कारण तो त्यांच्या श्रद्धेचा गाभा आहे आणि ज्याची ती श्रद्धा नाही त्याने तो घेऊ नये असा त्यांचाही नियम आहे. वैशाख पौर्णिमेला त्यांना आपल्या घरी बोलवावे, खीर द्यावी आणि ते विचारतील ते सांगावे.

आणि घरी येऊन मुलाला सांगावे : "बाळा, मेलेला उठतो असे आपण मानत नाही. पण पडलेला माणूस उठू शकतो, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. आपण कोणाची दया मागावयाची नाही. आपल्या हातून कोणाला दुखापत झाली तर देवाकडे न जाता त्याच माणसाकडे जावयाचे, चूक कबूल करावयाची, आणि मोडले असेल ते दुरुस्त करून द्यावयाचे."

एवढे त्याला कळले, तर त्या रविवारी शेजाऱ्याच्या घरून आलेले गोड आपल्या घरी वाया गेले नाही असे समजा.

सर्वांचे मंगल होवो.